जिराफाचे सोयरसुतक

प्रति,
माननीय संचालक,
वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पतिउद्यान व प्राणिसंग्रहालय,
भायखळा, मुंबई.



मी खाडीपलीकडचा, नेरूळचा रहिवासी. आयुष्याची बत्तीस वर्षे एका सरकारी कचेरीत टिपणे लिहिण्यात आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या टिपणांवर शेरे मारण्यात गेली असल्यामुळे, आवक-नोंदवहीत क्रमांक पडलेल्या कागदाची पुढे कोणती गती होते याविषयी माझ्या मनात कसलाही भ्रम उरलेला नाही. आणि म्हणूनच जे मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते बंद लिफाफ्यात घालून भायखळ्याला धाडण्याऐवजी चारचौघांसमक्ष, उघड्या पत्रातून बोलण्याची मुभा मी घेत आहे. विषय एका जन्माचा आहे. तो अद्याप झालेला नाही. कदाचित माझ्या हयातीत व्हावयाचाही नाही. परंतु बाळंतपणाची तयारी वेणा सुरू झाल्यावर करू नये, एवढे शहाणपण आमच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी आम्हांस दिलेले आहे.

प्रसंग असा घडला. आमच्या महानगरपालिकेने ज्या तलावाला ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ असे भारदस्त नाव बहाल केले आहे, त्याच्या काठी आम्ही पाचसात निवृत्त मंडळी सायंकाळी बसतो. रक्तदाब, निवृत्तिवेतन आणि सुनांचे स्वभाव हे तीन विषय संपले की गप्पांना ओहोटी लागते. अशाच एका ओहोटीच्या वेळी आमच्यातील एका स्नेह्याने खिशातून मोबाईल काढला आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात हार्पर्सव्हिल नावाच्या गावी एप्रिल नामक जिराफीण १५ एप्रिल २०१७ रोजी कशी व्याली त्याचे चित्रण आम्हांस दाखविले. त्या प्रसूतीची प्रतीक्षा जगभरच्या लोकांनी आठवडेच्या आठवडे आपापल्या घरी बसून केली होती, आणि प्रत्यक्ष जन्माच्या क्षणी दहा लाखांहून अधिक डोळे त्या गोठ्यावर खिळले होते असे म्हणतात. इतकी गर्दी तर आमच्या आळीत कोणाच्या बारशालाही कधी झाली नाही.

मी ते पाहिले, आणि महाराज, सत्य सांगावयाचे तर सत्तरी उलटल्यानंतर आपण काही नवे पाहू अशी अपेक्षा मला नव्हती. जिराफाची मादी सुमारे पंधरा महिने गाभण असते. म्हणजे आपल्याकडे म्हैस जेवढा काळ पोटात वागवते त्याच्या दीडपट. प्रसूतीच्या वेळी ती बसत नाही, कुशीवर होत नाही. उभ्यानेच फेऱ्या घालते, थांबते, पुन्हा फेरी घालते. प्रथम दोन पुढचे खूर दिसू लागतात. त्या खुरांच्या टोकांना आईच्या गर्भाशयास इजा पोहोचू नये म्हणून निसर्गाने मऊ, लिबलिबीत आवरण चढविलेले असते, जे जमिनीवर चार पावले टाकताच झिजून जाते. धार असलेल्या वस्तूला म्यान घालून पाठविण्याची ही खबरदारी पाहून एखाद्या अनुभवी कारखानदारानेही मान तुकवावी. मग त्या दोन खुरांवर टेकलेले, शांत झोपी गेल्यासारखे तोंड बाहेर येते. मग ती मान, जी संपतासंपत नाही. आणि एवढा पसारा अधांतरी लोंबकळत असताना आई मात्र मधूनच चाऱ्याला तोंड लावते. अखेरीस खांदे सुटतात आणि ते सहा फुटांचे बाळ सहा फुटांवरून धपकन खाली आदळते. आमच्या कट्ट्यावर त्या क्षणी दोघांनी ‘अरे अरे’ म्हणून हात पुढे केले. पण ते आदळणे हा अपघात नसतो. त्या पडण्यानेच नाळ तुटते आणि त्या धक्क्यानेच पहिला श्वास घेतला जातो असे जाणकार सांगतात. डोक्यावरची शिंगे, जी जन्माच्या वेळी कवटीशी चापून बसलेली असतात, ती पुढे हळूहळू उभी राहतात. आणि तासाभराच्या आत ते पोर, चार दिशांना चार पाय फाकून, दोनदा कोसळून, तिसऱ्यांदा उभे राहते आणि आईच्या कासेचा शोध घेऊ लागते.

ह्या पिल्लाला मराठीत काय म्हणावे यावरून आमच्यात थोडी वादावादी झाली. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, घोड्याचे शिंगरू, हरणीचे पाडस: ज्या प्राण्याशी आपला शेतात वा रानात संबंध आला त्याच्या लेकराला आपल्या भाषेने स्वतंत्र नाव दिले, परंतु जिराफ आपल्या दारी कधी आलाच नाही, म्हणून त्याच्या लेकराचा शब्दही आपल्या शब्दभांडारात नाही. फारसी लोकांनी या प्राण्याला ‘उश्तुर-गाव-पलंग’, म्हणजे उंट, गाय आणि बिबळ्या यांची गोळाबेरीज असे नाव दिले होते, आणि पाहणाऱ्याची त्रेधा त्यात चांगली उमटली आहे. खूर दुभंगलेले, रवंथ करणारा आणि भित्रा, म्हणून मी ‘पाडस’ सुचविले, आणि कट्ट्याने ते तात्पुरते मंजूर केले. या पत्रातही मी तोच शब्द वापरीत आहे. आपल्या दप्तरात अधिक चांगला असल्यास कळवावे.

चित्रण संपल्यावर आपल्या बागेविषयी अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला: ‘राणीच्या बागेत जिराफ कधी येणार हो?’ हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. परळच्या चाळीतून पोळीभाजीचा डबा घेऊन आम्ही रविवारी आपल्या बागेत येत असू. हत्तीवर बसत असू, माकडांना वेडावीत असू, आणि परत निघताना कोणीतरी हटकून विचारीत असे की जिराफ कुठे आहे. अंकलिपीतला ज तर जहाजाचा होता. तरी चित्रांच्या पुस्तकातून जिराफ आमच्या घरात शिरला होता. अलीकडे विदेशी प्राणी आणण्याच्या योजना वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतात, आणि त्या यादीत झेब्र्याच्या शेजारी जिराफाचे नाव डोकावून जाते. तो यावा की न यावा, याचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. माझे म्हणणे त्याच्या येण्याविषयी नसून, तो आला, रमला आणि एखाद्या पहाटे आपल्या बागेत एक पाडस धपकन भुईवर आले, तर त्यानंतर आपण काय करावे याविषयी आहे.

माझी विनंती एका वाक्यात सांगतो आणि मग तिची कारणे देतो. जन्माची बातमी उशिरा द्यावी आणि मृत्यूची लवकर.

याचे पहिले कारण लंडनमधले आहे. १८३६ साली कोर्दोफानच्या प्रदेशातून थिबो नावाच्या एका फ्रेंच व्यापाऱ्याने पकडून आणलेले चार जिराफ लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दाखल झाले, आणि त्यांपैकी एका जोडीला १८३९ च्या जूनमध्ये पाडस झाले. मनुष्याच्या कैदेत जिराफाचा असा जन्म युरोपात त्यापूर्वी झालेला नव्हता, त्यामुळे केवढा गाजावाजा झाला असेल याची कल्पना आपण करू शकता. परंतु आईने त्याला जवळ घेतले नाही, पान्हा चोरला म्हणा किंवा तिला तो फुटलाच नाही म्हणा. गाईच्या दुधावर त्याला जगविण्याची खटपट झाली, आणि बारा दिवस पुरे होण्याच्या आत ते गेले. रिचर्ड ओवेन हा त्या काळचा मोठा शरीरशास्त्रज्ञ; त्याने त्या जन्माविषयी टिपण लिहिले, गर्भधारणेचे दिवस मोजले, मृत देहाची तपासणी केली आणि ते सारे छापून टाकले. मला ओवेन हा मनुष्य फारसा आवडत नाही. डार्विनशी त्याने जो दावा मांडला तो मोठ्या मनाचा नव्हता. पण या एका बाबतीत मी त्याला नमस्कार करतो, कारण जे पाडस जगले नाही त्याचे मरण त्याने फुकट जाऊ दिले नाही. आणि दोन वर्षांनी, १८४१ साली, त्याच जिराफिणीला झालेले दुसरे पाडस जगले.

दुसरे कारण आपल्याच बागेतले आहे. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातील सोल शहरातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आपल्याकडे आले. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यांवरून थंडगार पाण्याचा जो प्रवाह वाहतो त्याच्या आधाराने जगणारे हे पक्षी भायखळ्याच्या उन्हात कसे राहणार, यावर मुंबईत तेव्हा जेवढी चर्चा झाली तेवढी पाणीपट्टीवरही होत नाही. त्यांपैकी डोरी नावाची एक मादी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दगावली. उरलेल्या सातांना मार्च २०१७ मध्ये लोकांपुढे आणण्यात आले, आणि पुढील वर्षी १५ ऑगस्टला, ऐन स्वातंत्र्यदिनी, मोल्ट आणि फ्लिपर या जोडप्याच्या अंड्यातून एक पिल्लू बाहेर पडले. भारतात जन्मलेला पहिला पेंग्विन म्हणून त्याचा लगोलग जयजयकार झाला. स्वातंत्र्याशी नाते जोडणारी नावे वर्तमानपत्रांनी परस्परच बहाल केली. आणि २२ ऑगस्टला ते मेले. अंड्यातील बलकाचा अंश शरीरात शोषला गेला नाही आणि यकृताने काम सोडले, असे शवविच्छेदनात आढळले. हे कारण आपल्या खात्याने तत्काळ जाहीर केले, ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो, कारण टीकेच्या भरात लोक ती विसरले.

लंडनचे पाडस आणि मुंबईचे पिल्लू या दोघांमध्ये एकशे एकोणऐंशी वर्षांचे अंतर आहे, आणि तरी दोघांच्याही बाबतीत मला एकच विचार सुचला, की दोघांचेही बारसे व्हावयाचे राहिले. आपल्या पूर्वजांनी नामकरणाला बारावा दिवस का ठरविला याची धार्मिक उपपत्ती शास्त्रीबुवा सांगतील. पण ज्या घरांतून कितीतरी अर्भके पहिल्या पंधरवड्यातच मातीआड होत असत, त्या घरांतील स्त्रियांना त्याचे व्यावहारिक कारण कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जावयाची. ती काय लिहिते ते कळल्यावाचून नाव ठेवण्याची घाई कशाला? तोवर घरात सोयर. बाळंतिणीची खोली अंधारी, दाराशी शेगडी, आत जाण्याची परवानगी सुईणीला आणि एखाद्या आजीला. बाकीच्यांनी ओसरीवर बसावे, मुलगा की मुलगी एवढे ऐकावे आणि वाटेला लागावे. ही शिवाशिव म्हणून आम्ही सुशिक्षितांनी सोयर मोडीत काढले, आणि त्यातील विटाळाची कल्पना मोडीत निघावयासच हवी होती. परंतु त्याबरोबर नवजाताच्या भोवती आखलेले एक शांततेचे वर्तुळही आपण पुसून टाकले. आज मोठमोठ्या प्राणिसंग्रहालयांत प्रसूतीनंतर आई आणि पिल्लू यांना अलग ठेवतात, ओळखीच्या एकाच रखवालदाराला आत जाऊ देतात, आवाज आणि उजेड कमी ठेवतात. ते सोयरच होय. फक्त त्याला इंग्रजी नाव आहे.

आणि आपल्याकडेही हे शहाणपण आले, असे मला दिसते. २०२१ सालच्या १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, डोनाल्ड आणि डेझी या पेंग्विन जोडप्याच्या पोटी जे पिल्लू जन्मले त्याची वार्ता लोकांना काही महिन्यांनंतर मिळाली. त्याचे नाव ओरिओ. त्याच वर्षी १९ ऑगस्टला मोल्ट आणि फ्लिपर यांना पुन्हा एक पिल्लू झाले, तो ऑस्कर. पहिले लेकरू आठवडाभरात गमावलेल्या त्या जोडप्याच्या घरी तीन वर्षांनी पाळणा हलला याचा मला, कोणीही हसो, मनापासून आनंद झाला. आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला करिश्मा नावाच्या वाघिणीने एका बछडीला जन्म दिला. करिश्मा आणि तिचा जोडीदार शक्ती यांना फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून आणलेले. या बछडीची बातमी जानेवारी २०२२ मध्ये, ती दोन महिन्यांची झाल्यावर जाहीर झाली आणि तेव्हाच तिचे वीरा हे नाव महापौरांनी सांगितले. दोन महिने ही गोष्ट आपल्या बागेत झाकून राहिली! ज्या शहरात मंत्रिमंडळाचा निर्णय बैठक संपण्यापूर्वी दूरचित्रवाणीवर झळकतो, त्या शहरात एका वाघिणीचे बाळंतपण इतके गुप्त राखणाऱ्या आपल्या रखवालदारांचा जाहीर सत्कार व्हावयास हवा होता. माझी मागणी एवढीच की हा संयम अधिकाऱ्यागणिक बदलणारा शिरस्ता न राहता लेखी नियम व्हावा. पाडसाने आईचा चीक घेतला, बारा दिवस काढले, मग हवे तर महिना काढला, वजन वाढते आहे असे पशुवैद्यांनी लिहून दिले, म्हणजे दवंडी पिटावी.

आता उत्तरार्ध, जो जड आहे. सोयराचे जे, त्याच्या नेमके उलट सुतकाचे. घरात कोणी गेले तर ती वार्ता दाबून ठेवण्याची रीत आपल्यात नाही. रात्री-अपरात्री माणूस धावत गावोगाव निरोप घेऊन जाई, आणि निरोप्याच्या हाती चिठ्ठी असली तर तिच्या मथळ्यावरून वाचण्यापूर्वीच कळावे अशी सोय असे. जन्माला थांबता येते, मरणाला थांबता येत नाही, हे त्यामागचे सूत्र. परंतु सार्वजनिक संस्थांची रीत पाहावी तर, आपल्या एकट्या बागेची नव्हे, साऱ्या देशाची म्हणतो, ती उफराटी: जन्म झाला की छायाचित्रकार, फीत, केक आणि प्रतिष्ठित पाहुणे, आणि मृत्यू झाला की तो वर्षअखेरीच्या तक्त्यातील एका रकान्यात, कोणी माहितीच्या अधिकारात अर्ज करीपर्यंत, निमूट पडून राहतो. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाकडे प्रत्येक संस्थेला जन्म, मृत्यू, आवक आणि रवानगी यांची मोजदाद पाठवावीच लागते. म्हणजे तक्ता तयार आहे, शाई खर्च झालेली आहे, प्रश्न केवळ तो कपाटाच्या आत ठेवावा की बाहेर, एवढाच. प्रवेशद्वाराशी, पन्नास रुपयांचे तिकीट जेथे फाडतात तेथे, एक साधा फळा लावावा: या महिन्यात बागेत कोण आले, कोण गेले, आणि जे गेले ते कशाने. मुलांना ते वाचू द्यावे. आजोबा गेले हे नातवापासून लपविणाऱ्या घरांत नातू पुढे काही फार कणखर निघतात असा माझा अनुभव नाही.

आपल्याकडे एखाद्याला कशाचेच ‘सोयरसुतक नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा तो मनुष्य नात्याबाहेरचा आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. पिंजऱ्यातील प्राण्याशी आपले नाते आहे की नाही हे त्याच्या जन्माला किती टाळ्या पडल्या यावरून ठरत नाही. तो गेल्यावर आपण काही पाळतो की नाही, यावरून ठरते.

याच ओघात वंशावळीविषयी लिहितो, कारण जिराफाच्या बाबतीत हा मुद्दा फार नाजूक आहे. त्र्यंबकेश्वराला आपण गेलात तर तेथील उपाध्याय आपले आडनाव आणि मूळ गाव विचारून एक जाडजूड वही काढतील आणि आपले खापरपणजोबा कोणत्या शके सालात येऊन गेले ते वाचून दाखवितील. जगातील प्राणिसंग्रहालयेही अशाच वह्या ठेवतात. कोणता नर, कोणती मादी, कोणाची संतती कोठे गेली, म्हणजे एकाच रक्ताच्या दोन जीवांची गाठ पडू नये. संग्रहालयांनी परस्परांत प्राण्यांची देवघेव करणे ही तर सरळ सोयरीकच. आणि आपल्याकडे जिराफ आलाच तर ती सोयरीक बहुधा कोलकात्याच्या अलीपूरशी किंवा म्हैसूरशी जुळेल, कारण या दोन जुन्या घराण्यांत जिराफांची पाडसे वर्षानुवर्षे जन्मत आणि वाढत आली आहेत. सोयरीक करताना मुलीकडच्यांनी जे प्रश्न विचारावेत ते म्हैसूरकरांनी आपणांस अवश्य विचारावेत. घर केवढे आहे? सोबतीला कोण आहे? आणि पोर झाले तर त्याला पुढे ठेवणार कोठे?

हा शेवटचा प्रश्न डेन्मार्कमध्ये वेळेवर विचारला गेला नाही. कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयात मारिउस नावाचा अवघ्या दोन वर्षांचा, धडधाकट जिराफ ९ फेब्रुवारी २०१४ रोजी मारण्यात आला, कारण त्याच्या रक्ताचे जिराफ वंशावळीच्या वहीत पुरेसे झाले होते. मग लोकांसमोर, मुलांसमोर, त्याचे विच्छेदन करण्यात आले आणि मांस सिंहांना घालण्यात आले. साऱ्या जगात हलकल्लोळ माजला. मी त्या अधिकाऱ्यांना राक्षस म्हणणार नाही. त्यांनी जे केले ते दिवसाढवळ्या केले, आणि आपल्या समजुतीप्रमाणे कारणे देऊन केले. पण मारिउस ज्या दिवशी जन्मला त्या दिवशीही कोणीतरी टाळ्या वाजविल्या असतील. मुक्त रानातील जिराफांची संख्या तीस वर्षांत सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली म्हणून आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०१६ साली त्यांना असुरक्षित प्रजातींच्या यादीत बसविले. आणि इकडे पिंजऱ्यातला एक जिराफ जास्त झाला म्हणून मारावा लागला. हा हिशेब मला तरी उलगडत नाही.

नावाविषयी थोडे. २०२५ साली आपल्या बागेतील पेंग्विनांच्या नव्या पिल्लांना परकी नावे का, मराठी नावे का नाहीत, म्हणून आंदोलन झाले. मी मराठीचा कट्टर अभिमानी, तरी मला त्या आंदोलनात उभे राहवले नाही. कारण ज्या पत्रात मी हे लिहितो आहे त्यातील अर्ज, दप्तर, रकाना, तपशील, मंजूर हे शब्द जसे दुरून येऊन आपले झाले, तसा खुद्द ‘जिराफ’ हा शब्दही अरबस्तानातून आलेला आहे. त्याला मी कोठे परत पाठवू? पाडसाला मराठी नाव ठेवावे, अवश्य ठेवावे, परंतु त्याआधी पिंजऱ्यापुढील पाटीचे मराठी सुधारावे. ज्या भाषेत मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याने आयुष्य वेचून पक्षिकोश आणि प्राणिकोश उभे केले, त्या भाषेतील पाटी इंग्रजीचे ओढूनताणून केलेले भाषांतर का असावी? चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ एखादा पुतळा उभारण्यापेक्षा प्रत्येक पिंजऱ्यासमोर चार निर्दोष ओळी लिहविल्या, तर खर्चही कमी येईल.

जागेविषयी मी जास्त लिहीत नाही. आपली बाग पन्नासएक एकरांची, तीही वनस्पतींची बाग म्हणून १८६२ साली खुली झालेली, आणि तेथील वृक्षांसाठी जागरूक नागरिकांनी केलेली झुंज आपणांस ठाऊक आहेच. एवढेच म्हणतो की जिराफाच्या घरासाठी एखादे झाड तोडण्याचा प्रस्ताव आला, तर त्यावर सही करण्यापूर्वी आपण आपल्या बागेतील गोरखचिंचेखाली पाच मिनिटे उभे राहावे. ती आफ्रिकेची. जिराफाच्या गावची. कोणा अरब वा हबशी दर्यावर्दीबरोबर तिचे बी या किनाऱ्यावर केव्हा आले ते ती सांगत नाही. पण बुंध्यात पाणी साठवून, आपल्या पावसाशी जुळवून घेऊन ती येथली झाली, आणि तिच्या बाबतीत कोणी फीत कापली नाही.

आपण म्हणाल, नवी मुंबईच्या माणसाला भायखळ्याची एवढी उठाठेव कशाला? त्याचे उत्तर हार्बरच्या गाडीत आहे. मी आपल्याकडे येतो तो नेरूळहून कुर्ल्यास गाडी बदलून. वाशीच्या पुलावर गाडी आली की हिवाळ्याच्या दिवसांत ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी उभे दिसतात, गुलाबी, हजारोंनी, आणि त्यांच्यामध्ये काही मळकट राखाडी दिसतात. ती त्या वर्षाची पोरे. त्यांचा जन्म आमच्याकडे झालेला नाही. कच्छच्या रणात, चिखलाच्या घरट्यांत, कोणी पाहत नसताना ती अंड्यांतून बाहेर आली आणि उडता येऊ लागताच आईबापांच्या मागे आमच्या खाडीवर जेवावयास आली. आम्ही त्यांच्यासाठी काय केले? चौकाचौकांत त्यांचे पुतळे उभारले आणि शहराला त्यांचे नाव दिले. पण ज्या नेरूळच्या तळ्यात ते प्रत्यक्ष उतरतात त्याच्या भरतीच्या पाण्याची वाट बुजली, पाणी सडले, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांतले कित्येक त्या परिसरात मेलेले सापडले. तेव्हा काही नागरिक कागद घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. आमच्या तलावकाठच्या कट्ट्यावरही त्या कागदांपैकी काहींवर सह्या झाल्या. मेलेल्यांची मोजदाद कोणी केली नसती, तर जगणाऱ्यांसाठी तो ठराव झाला नसता. म्हणून मृत्यूची बातमी लवकर द्या असे म्हणण्याचा हक्क मला आहे असे मी समजतो.

तेव्हा जिराफ आणावयाचा की नाही ते आपण, आपले आयुक्त आणि केंद्रीय प्राधिकरण मिळून ठरवा. आणलाच, आणि देवदयेने त्या घरी पाळणा हललाच, तर मला लगेच कळवू नका. पाचवी होऊ दे, सटवाई येऊन जाऊ दे, पाडस आईच्या पोटाखाली नीट उभे राहून चार घोट घेऊ दे. बाराव्या दिवसानंतर एक कार्ड टाकलेत तर आमच्या कट्ट्यावरची सारी मंडळी, हयात असतील तेवढी, कुर्ल्याला गाडी बदलून हजर होतील. घुगऱ्या आमच्याकडून. आपल्या रखवालदारांना पुरतील एवढ्या आणतो. पाडसाला देणार नाही, प्राण्यांना खाऊ घालू नये ही पाटी मी वाचलेली आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
नेरूळचा एक निवृत्त कारकून

ता. क. – एक बाब राहिली. १४८७ साली मिसरच्या सुलतानाने फ्लॉरेन्सच्या लोरेन्झो मेदिचीला एक जिराफ नजराणा म्हणून धाडला होता. गावभर त्याचे कौतुक झाले, स्त्रिया माडीवरच्या खिडक्यांतून त्याला फळे भरवीत असत. आणि काही काळाने तबेल्याच्या तुळयांत डोके अडकून मान मोडून तो मेला. तेव्हा घराचा नकाशा आपल्यासमोर मंजुरीसाठी येईल, तेव्हा त्यातील छताची उंची कोणाकडून तरी एकदा पुन्हा मोजवून घ्यावी.